दिवाळीला या, पण फराळाचे डबे नकोत

बडोदा
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. फोनवर आईचा पहिला प्रश्न असतो, "आज काय खाल्लंस?" मी "अर्धी वाटी कढण" म्हटलं की पलीकडे सगळं चिडीचूप. मग बाबा फोन घेतात आणि साताऱ्यात पाऊस किती झाला ते सांगतात. सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात निदान मधे कोणाला रडता येत नाही. बाबा, मोतीबिंदूचा डोळा आता वाचण्याजोगा झालाय असं दादा म्हणाला, तरी अक्षर मुद्दाम मोठं काढतेय.

आधी आईचं. आई, मी उपाशी नाहीये गं. भूक लागतच नाही, हे तुला कसं सांगू? वजन आणि साखर उतरावी म्हणून ऑपरेशन करून पोटाचा, म्हणजे आतल्या जठराचा, पाऊण भाग काढलाय, थोडा जास्तच. त्यातल्या वरच्या फुगीर भागात भूक लागल्याचा निरोप मेंदूला धाडणारं संप्रेरक तयार होतं, घ्रेलिन म्हणतात त्याला. तो भागच गेला. उरलंय ते डॉक्टरांच्या भाषेत केळ्याएवढं, शंभर-दीडशे मिली मावेल इतकं. तू "पोट फाडलं" म्हणतेस म्हणून सांगते, बाहेरून पाच बारीक भोकं आहेत, तीही सुकली. आतली टाक्यांची रेघ मात्र लांबलचक आहे आणि ती भरून यायला वेळ लागतो. त्यासाठी हे आधी गाळलेलं, मग वाटलेलं, मग मऊ. माझ्यावर कोणी सूड उगवत नाहीये.

आणि पितृपंधरवड्यात कोणी ऑपरेशन करून घेतं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की कोणीच घेत नाही. म्हणून तर तारीख हवी तशी मिळाली.

पहिले दोन-तीन दिवस वाईट होते, खोटं कशाला सांगू. टाक्यांपेक्षा खांदाच जास्त दुखायचा. दुर्बिणीतून करताना पोटात गॅस भरतात, तो छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात कळतं. त्यावर उपाय एकच, चालणं. ऑपरेशनच्या संध्याकाळीच सिस्टरनी उभं केलं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर बारीक सुईचं इंजेक्शन, आणि ते फुफ्फुसांच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं खेळणं असतं ना, बाबांना बायपासच्या वेळी दिलेलं, तेच मलाही. फुंकायचं नाही, आत ओढायचं. बाबांनी तेव्हा दोन दिवस उलटं केलं होतं ते आठवून हसू आलं आणि टाके दुखले.

घरी आल्यावर दिवस सगळा पाण्यात जायचा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर टोपण येतं, तसलं तीस मिलीचं एक माप दिलंय. ते भरायचं आणि घोट घोट करत दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं, की पुढचं. असं करत दिवसाला दीड लिटर गाठायचं. घटाघटा प्यायला गेलं की छातीत गोळा. फ्रीजवर यांनी तक्ता लावलाय: पाणी, प्रोटीन, गोळ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मधे दोन तास जाऊ द्यायचे, नाहीतर एकीमुळे दुसरी अंगी लागत नाही. सुरुवातीला हे रोज सकाळी माझी नाडी मोजायचे. नाडी १२०च्या वर गेली, ताप आला किंवा पोटात एकाएकी जोरात दुखलं, तर कोणाला न विचारता थेट हॉस्पिटल गाठायचं, अशी ताकीद होती. तशी वेळ आली नाही.

आता इथल्या आईंबद्दल. तुला काय वाटतं ते मला कळतं. बाबांचा डोळा, तुझा गुडघा, त्यात तुला बोलवून इथे जिने चढायला लावणं शक्यच नव्हतं, हे तुला पटलंय. तरी लेकीचं आजारपण सासूनं काढलं, हे सलतंय. सलू दे, पण त्यांनी केलेलं ऐक तरी. खंडेराव मार्केटात जाऊन कोवळा दुधी निवडून आणायचा, मुगाची डाळ शिजवून, घोटून, सुती फडक्यातून गाळायची. त्यात जिरं, कणभर हिंग, सैंधव. पहिले काही दिवस ओआरएस आणि व्हॅनिलाची पावडर असं सगळं गोडमिट्टच पोटात गेलेलं. त्यावर त्या कढणाचा पहिला चमचा जिभेवर आला आणि मी सैंधवासाठी रडले. प्रोटीनच्या पावडरीचा डबा पाहून त्या म्हणाल्या, "ही तर आखाड्यातल्या पोरांची." आता त्या स्वतःच ती ताकात घोळून देतात. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन हवं, आणि एवढ्याशा पोटात ते नुसत्या डाळीनं जमत नाही.

नवरात्रात त्यांचे नऊ दिवस उपास, माझं वाटलेलं खाणं. त्यांची राजगिऱ्याची खीर आणि माझी दुधी-डाळ, दोघी टेबलाशी. दुसऱ्या की तिसऱ्या माळेला माझ्या लक्षात आलं, त्या मुद्दाम सावकाश खातात. माझी वाटी संपायला अर्धा तास लागतो, तोवर त्या आपला चमचा चालू ठेवतात, म्हणजे मी एकटी उरत नाही. तोंडानं मात्र सांगणार, "दातच दुखतोय हल्ली."

पोट भरलं हे कसं कळतं, ते ऐकून तुला हसू येईल. नाक वाहायला लागतं. खरंच. कधी एखादी उचकी, कधी शिंक. त्यावर एक चमचाही घ्यायचा नाही, घेतला की तोंडाला फेसासारखं पाणी सुटतं आणि अर्धा तास येरझाऱ्या. आमच्या घरात आता मी नाक पुसलं की चिरंजीव वाटी उचलून नेतो.

भुकेचं काही वाटत नाही, पण चावायला मिळत नाही याचं वाटतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला हात उगाच डबे शोधतात. रावपुऱ्यातून रिक्षानं येताना शेवउसळीचा वास आला आणि पोटात जागा नसताना डोळे भरून आले. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन असं खाली जातं, हे आहारतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. पण खरा वैताग येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. दांडिया बाजारात बातमी लपत नाही. एक मामी लीलो चिवडा घेऊन आल्या, "चवीपुरता तरी घे." दुसऱ्या म्हणाल्या, शॉर्टकट घेतलास होय! इन्शुलिन टोचणाऱ्याला कोणी शॉर्टकट म्हणत नाही. जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी आणि बी-१२ची सुई, याला शॉर्टकट म्हणायचं असेल तर लांबचा रस्ता कोणता ते त्यांनाच ठाऊक.

बाबा, आता तुमचं. तुम्ही फार बोलत नाही, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री "मनावर ताबा असता तर" असं म्हणून थांबलात. वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत, तरी ते माझ्यापाशी राहिलं. माझे डबे, माझी जिम, ते सूर्यनमस्कार तुम्ही स्वतः पाहिलेत. दोनदा वजन उतरवलं आणि दोनदा व्याजासकट परत आलं. वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. भूक वाढते आणि बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. हे वर्षानुवर्षं चालतं. एवढी वर्षं मनावर ताबा ठेवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही, आणि तुम्ही स्वतः निवृत्तीनंतर दुपारची तपकीर सोडू शकलेला नाहीत. वजन उतरवणाऱ्या, आठवड्याला एक घ्यायच्या नव्या इंजेक्शनचाही विचार केला होता. थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, आणि माझी साखर पाहता डॉक्टरांनी ऑपरेशनच सुचवलं.

तुम्हाला आकडे लागतात, तर हे घ्या. ऑपरेशनआधी १०४ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४१च्या वर. आता ९५. उपाशीपोटी साखर दोन गोळ्यांवर १६०च्या पुढे असायची, ती एका गोळीवर ११०च्या आसपास आहे. दसऱ्याच्या आठवड्यात काटा तसूभर हलला नाही. मी घाबरले, पण हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. सुरुवातीला जे भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं, साठा संपला की ते जातं. पुढे शरीर थोडा साठा परत भरतं, काटा अडतो, मग चालू लागतो. केस पुढच्या तीन-चार महिन्यांत गळतील, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा. विम्याचं विचारत होतात: बीएमआय ४०च्या वर असेल, किंवा ३५च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह वगैरे, तर विमा लागू होतो. कागद दिलेत, पैसे यायचेत.

चालण्याचं म्हणाल तर आधी दिवाणखान्यातून जिन्यापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, आता सूरसागर तलावाच्या काठानं सबंध फेरी. मधे शंकराची ती उंच मूर्ती असल्यानं किती चालणं झालं ते समजतं, आधी पाठ दिसते मग तोंड. गरबा यंदा खिडकीतूनच ऐकला. उड्या आणि गिरक्या अजून बंद, आणि पाण्याची बादली किंवा पोराला उचलणंही. तुम्ही आलात की सकाळी कमाटीबागेत जाऊ. तुमचा वेग आणि माझा वेग आयुष्यात पहिल्यांदा सारखा होईल.

आई, एक राहिलं. तू दादाला म्हणालीस की, लहानपणी मीच तिला तुपाची धार सोडून भरवलं, त्याची फळं. तेच तूप दादानंही खाल्लं, आणि त्याच्या शर्टात अजून दोन दादा मावतील. आजीचं, आत्याचं, माझं अंग एका वळणाचं आहे. हे पुन्हा म्हणू नकोस.

तर दिवाळी. तोपर्यंत मऊ खाणं मागे पडून साधं जेवण हळूहळू सुरू झालेलं असेल, पण तळलेलं आणि गोड नाही. साखर एकदम पोटात गेली तर धडधड, घाम, चक्कर असं होऊ शकतं. म्हणून कंदी पेढे नकोत, आणि चकल्या-लाडवांचे डबे तर नकोतच. नातवासाठी आणायचेच तर अर्धा किलोच्या वर नाही आणि ते त्याच्या हातात दे, माझ्यासमोर उघडू नकोस. माझ्या पानाशी तांब्या-भांडं ठेवू नकोस, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी प्यायचं नसतं. "अजून एक घास" म्हणायचं नाही. पोळी आणि भात आतमध्ये फुगतात, ते सगळ्यात शेवटी, म्हणून आग्रह नको. बाबा, कंबर दुखते म्हटल्यावर तुम्ही डब्यातून जी गोळी काढून देता, ब्रुफेन किंवा डायक्लो, ती मला आता चालत नाही, पोटात जखम होते. पॅरासिटामॉल चालते.

एक गोष्ट मात्र तूच करायचीस. पातळ पिठलं. मी आहारतज्ज्ञ बाईंना विचारून घेतलंय: तेल चमचाभर, मिरची नावाला, डाळीचं पीठ चांगलं शिजलेलं. इथल्या आईंचं पिठलं गोडसर होतं, त्यात गूळ पडतो, बडोद्याची सवय. त्यांना हे सांगू नकोस. लसूण ठेचून, कोथिंबीर बारीक चिरून, तुझ्या पद्धतीचं. मी चार चमचे खाईन. चारच, आणि त्यावर नाक पुसेन.

रिझर्व्हेशन दादाला आजच काढायला सांगा, पुण्याहून सुटणाऱ्या गाडीचं. दिवाळीत तत्काळच्या भरवशावर राहू नका. खालचे दोन्ही बर्थ मागा, आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांचं पत्र सोबत असू द्या. स्टेशनवर हे येतील, मला अजून बॅगा उचलायच्या नाहीत.

तुमची
मनू

ता. क. बाबा, येण्याआधी तुमची तीन महिन्यांची साखर तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन या. माझे आकडे तुम्ही पाहिलेत, आता तुमचे मी पाहणार.