दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: रात्रीचे जुने, स्वस्त इन्सुलिन सोडून नवे, महाग इन्सुलिन सुरू करावे का? करवीर तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या वडिलांमुळे गेली सहा वर्षे हा प्रश्न आमच्या घरात आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडिलांना सुरुवातीला एनपीएच हे दुधाळ इन्सुलिन दिले होते. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांच्या नावाने ओळखले जाणारे हे औषध १९५० पासून वापरात आहे आणि आजही ते टाकाऊ ठरलेले नाही. मात्र टोचल्यानंतर साधारण ४ ते ८ तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो, म्हणजे रात्री आठला घेतलेले इन्सुलिन ऐन झोपेत, बारा ते चारच्या दरम्यान साखर खाली ओढते. गुऱ्हाळाच्या हंगामात दिवसभर राबून आलेले वडील एका रात्री अडीच वाजता घामाने चिंब होऊन असंबद्ध बोलू लागले आणि ग्लुकोमीटरवर ५२ हा आकडा दिसला. गूळ-पाणी पाजून त्यांना सावरेपर्यंत आई ज्या भीतीने उभी होती, ती मी विसरू शकत नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना ग्लार्जिन हे नवे इन्सुलिन सुरू केले. बाटलीत ते आम्लधर्मी आणि पाण्यासारखे स्वच्छ असते. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण जमतात आणि ते हळूहळू विरघळत सुमारे २४ तास, फारसा चढ-उतार न होता काम करतात. त्याच औषधाचा तिप्पट तीव्रतेचा प्रकार आणखी सपाट चालतो, तर डेग्लुडेक या आणखी एका नव्या इन्सुलिनचे रेणू त्वचेखाली लांब साखळ्या करतात आणि त्याचा परिणाम ४२ तासांपेक्षाही अधिक टिकतो. त्यामुळे एखाद्या दिवशी मोठ्या माणसांची इन्सुलिन घेण्याची वेळ पुढे-मागे झाली तरी चालते, फक्त दोन डोसांमध्ये किमान ८ तासांचे अंतर हवे.

आता मुद्दा असा की, या नव्या औषधांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (टक्क्यांत मोजली जाणारी एचबीए१सी) जुन्यापेक्षा फार कमी होते, असा अनेकांचा समज आहे आणि तो बरोबर नाही. टाइप २ च्या, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाच्या, रुग्णांवर झालेल्या २००३ च्या एका मोठ्या तुलनेत एनपीएच आणि ग्लार्जिन या दोन्हींनी सरासरी जवळपास सारखीच, सात टक्क्यांच्या आसपास आणली; फरक पडला तो रात्री साखर उतरण्यात. २०१७ मध्ये ७,६३७ रुग्णांच्या चाचणीत डेग्लुडेक घेणाऱ्यांत साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग साध्या ग्लार्जिनपेक्षा ४० टक्क्यांनी कमी आढळले. उलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील टाइप २ रुग्णांच्या अभ्यासात, साखर उतरल्यामुळे रुग्णालयात धाव घेण्याचे प्रमाण नव्या इन्सुलिनने एनपीएचपेक्षा कमी झालेले दिसले नाही. याचा मला लागलेला अर्थ असा की ज्याची रात्र धोक्याची आहे, त्याने खर्च सोसावा. ज्याची साखर एनपीएचवर रात्री स्थिर आहे, त्याने केवळ नवे म्हणून बदलू नये. टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या, मुलांचा विचार अर्थातच वेगळा आहे, तिथे रात्रीची सुरक्षितता हाच पहिला निकष असायला हवा.

खर्चाचे म्हणाल तर, आमच्या ओळखीच्या एका बाईंनी इन्सुलिनचे महाग पेन परवडेना म्हणून डोस स्वतःच निम्मा केला आणि महिनाभर साखर तीनशेच्या वर राहिली. परवडत नाही हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेच नाही, आणि डॉक्टरांनीही विचारले नाही. महाग औषध अर्धे घेण्यापेक्षा स्वस्त औषध पुरते घेतलेले कितीतरी बरे. शिवाय ग्लार्जिनचा देशी पर्याय २००९ पासून मिळतो आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला आहे, हेही रुग्णांना ठाऊक असावे.

बदल करताना होणारी एक चूक मला फार गंभीर वाटते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा दर मिलीलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. शहरातल्या एका दुकानातून आम्हाला पेनची सुई नसल्याने काडतुसातून औषध ओढायला ४० ची लाल टोपणाची सिरिंज देण्यात आली होती. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरले असते तर वडिलांना तब्बल ५० युनिट गेले असते. तसेच दिवसातून दोनदा एनपीएच घेणारा एकदाच्या ग्लार्जिनवर येतो तेव्हा एकूण डोस साधारण २० टक्क्यांनी कमी करून सुरुवात करतात, त्यामुळे हा बदल दुकानाच्या काउंटरवर होता कामा नये.

आपल्या आरोग्यविषयक पानावर स्थानिक मधुमेहतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा आणि त्यात ४० व १०० च्या सिरिंजचे चित्र शेजारी शेजारी छापावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर