समुद्रघोडे सांभाळायला शिकवणाऱ्या काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या टाकीतली समुद्रघोड्यांची जोडी आज खाऊनपिऊन ठणठणीत आहे आणि त्याचे श्रेय तुमचे आहे, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तोंडी आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता, म्हणून हे लेखी, आणि तेही उघड. इथे न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांतली मुले एखाद्या मत्स्यालयात समुद्रघोडे पाहून आली की पाळण्याचा हट्ट धरतात आणि त्यांचे आईवडील मला विचारतात. त्यांना मी जे सांगते ते सारे तुमच्याकडून ऐकलेले असते; निदान ते कोणाचे आहे हे त्यांना कळावे.

टाकी केवढी घ्यावी हे विचारायला मी आले होते आणि तुम्ही उलट विचारले होते की प्राणी कुठून आणणार. समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा अनेकदा उपाशी आणि परजीवी घेऊन येतो. गोठवलेल्या खाद्याकडे तो ढुंकून पाहत नाही. म्हणून संवर्धन केंद्रात जन्मलेला आणि गोठवलेले खाद्य खायला शिकलेलाच घ्यायचा, हा तुमचा पहिला दंडक. शिवाय समुद्रघोड्यांच्या साऱ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून साइट्स (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या नियंत्रणाखाली आहे, त्यामुळे कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आम्ही घेतलेली रेघांची जात, हिप्पोकॅम्पस इरेक्टस, ही मूळची याच किनाऱ्याची. न्यू जर्सीच्या बार्नेगॅट उपसागरात आणि न्यूयॉर्कला हडसन नदीतल्या धक्क्यांच्या खांबांनाही ती सापडते. म्हणून जाळे घेऊन आपणच पकडून आणावी, असा त्याचा अर्थ होत नाही, हे तुम्ही माझ्या मुलाला एकदाच, पण असे सांगितलेत की तो विषय तिथेच संपला. माझ्या पुण्याच्या भावानेही "आम्हीसुद्धा आणतो" म्हटले, तेव्हा त्याला फोनवर तुम्हीच समजावले: भारतात २००१ मध्ये समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले आणि तेव्हापासून त्यांना पकडणे, विकणे हा गुन्हा आहे. तिथे ही हौस नाही म्हणजे नाही.

या माशाला जठर नसते, ही गोष्ट तुमच्या तोंडून प्रथम ऐकली तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती. पुढे कळले की त्याचे सगळे संगोपन त्या एका गोष्टीवर उभे आहे. दातही नाहीत. नळीसारख्या तोंडाने घास आत ओढायचा, तो आतड्यातून झटपट पुढे जायचा आणि पोटात शिल्लक काहीच राहायचे नाही. त्यामुळे दिवसातून दोनतीन वेळा, थोडेथोडे आणि कसदार खाद्य त्याला द्यावेच लागते. पण जितके जास्त वेळा खाणे, तितके जास्त खरकटे. आणि रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या तुमच्यासारख्या बाईला खरकटे म्हटले की पुढचे सगळे दिसते. कुजणाऱ्या खाद्यावर जंतू वाढतात, त्यांत व्हिब्रिओ असतात, आणि समुद्रघोड्याच्या शेपटीचे टोक पांढरे पडून झडू लागते किंवा तोंडाची नळी सुजते त्यामागे बहुधा तेच असतात. पटकीचा जंतू याच कुळातला, असे तुम्ही सांगितलेत त्या दिवसापासून आमच्या घरात टाकीत हात घालण्यापूर्वी आणि नंतर हात धुण्यावरून वाद झालेला नाही. बोटाला चीर असेल तर हातमोजे घालायचे, कारण माशांच्या पाण्यातला एक मायकोबॅक्टेरियम माणसाच्या कातडीतही शिरतो, हेही मुलांना पाठ आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात पाहिलेली ती पद्धत मी जशीच्या तशी उचलली. मायसिसची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांची, गोठवलेली वडी, जिला तुम्ही रत्नागिरीच्या सवयीने सरळ जवळा म्हणता, वाटीत विरघळू द्यायची, चहाच्या गाळणीत ओतून तिचे गढूळ पाणी काढून टाकायचे आणि स्वच्छ पाण्याने धुवायची. मग तिच्यात मेदाम्लांचे पूरक मिसळून ती थोडा वेळ तशीच ठेवायची आणि लांब नळीच्या पिचकारीने टाकीतल्या एका शिंपल्यात सोडायची. जोडी एव्हाना त्या शिंपल्याशी येऊन थांबलेली असते. खरी शिकवण मात्र त्यानंतरची होती: पिचकारी ठेवायची, खुर्ची ओढायची आणि नुसते बघायचे. एक डोळा शिंपल्यावर, दुसरा भलतीकडेच. मान किंचित कलते, नळी घासाच्या अगदी जवळ जाते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग काचेबाहेरही ऐकू येईल असा 'टक्' आवाज होऊन घास नाहीसा होतो. हा आवाज बोथट झाला, नेम चुकू लागला, घास ओढून परत बाहेर टाकला जाऊ लागला, तर पाणी कितीही नितळ दिसत असले तरी त्याच दिवशी चौकशीला लागायचे. अर्ध्या तासाने शिंपल्यात उरलेले पिचकारीने ओढून घ्यायचे आणि खडकामागे साचलेला गाळ दर आठवड्याला नळीने उपसायचा. पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा महागडा स्किमर आपले काम करतो, पण ही झाडलोट त्याच्या भरवशावर सोडायची नाही, असे तुमचे ठाम मत आहे आणि आता माझेही.

तापमानाबाबत मात्र तुमचे दुकानदारांशी जमत नाही. प्रवाळाच्या टाक्यांना चालणारी उष्णता समुद्रघोड्यांना चालत नाही. पाणी ७२ ते ७४ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २२ ते २३ सेल्सिअस राहिले पाहिजे, कारण ते चढले की हेच जंतू भराभर वाढतात. आमच्याकडे जुलैत ते टिकवणे कठीण होते. तुम्ही आधी पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा पंखा लावून दिलात आणि वाफेने घटलेले पाणी भरताना खारे नव्हे, तर शुद्ध केलेले गोडे पाणीच घालायचे, हे बजावलेत, कारण पाणी उडते, मीठ मागेच राहते. पाणी थंड करणारे यंत्र, चिलर, आम्ही त्यानंतर घेतले. टाकी नवी असताना अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू तयार होईपर्यंत महिना-दीड महिना ती पाणी भरून, पण माशांविना ठेवायला लावलीत, तेव्हा मुले फार कुरकुरली होती. त्यांना रोज चाचणीच्या नळीतला रंग वाचायला बसवणे ही युक्तीही तुमचीच.

सोबतीला कोण ठेवावे याचे उत्तर तुम्ही एका वाक्यात दिले होते: जो त्यांच्या आधी घास पळवतो आणि जो डसतो, तो नको. त्यामुळे जोकर मासा (क्लाउनफिश), समुद्रफुले आणि खेकडे बाद झाले; गोगलगायी राहिल्या. पंपाच्या तोंडाला जाळी बसवली आणि शेपटीने धरायला गॉर्गोनियन या झुडपासारख्या प्रवाळाच्या काही फांद्या दिल्या.

आणि तो मार्चमधला प्रसंग. नराच्या पोटावरच्या पिल्लांच्या पिशवीत वायू भरला होता. पिशवी टम्म फुगलेली, आणि तो खाली जाण्यासाठी पाठीवरचा पर इतक्या वेगाने हलवत होता की पर दिसेनासा झाला होता. फांदीला शेपटीचा वेढा घातला तरी पाणी त्याला वर उचलत होते, वेढा सुटत होता आणि तो शेपटी वर होऊन तरंगत होता. घरी आम्हा सगळ्यांना वाटले की तो पिल्ले देणार. तुम्ही रात्री बर्फातून चालत आलात, टॉर्च पिशवीमागे धरलात, आत पिल्ले नसून नुसता वायू असल्याचे दाखवलेत आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना निरोप ठेवलात. त्यांनी दुसऱ्या दिवशी बारीक नळीने पिशवी मोकळी केली आणि वायू पुन्हा भरू नये म्हणून वेगळ्या टाकीत असेटाझोलामाइडचा उपचार सांगितला. लडाखला जाणारे आपले नातेवाईक उंचीच्या त्रासावर घेतात आणि काचबिंदूच्या रुग्णांनाही देतात तेच हे औषध, हे ऐकून माझ्या सासूबाईंची भीती निम्मी झाली. स्वतःकडे औषध असले तरी मात्रा आपल्या मनाने द्यायची नाही, हा तुमचा आग्रह मी इथे मुद्दाम नोंदवते. हा विकार नेमका कशाने होतो यावर जाणकारांचे एकमत नाही. उथळ टाकीत तो अधिक दिसतो असे अनेक पाळणाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि आमची टाकी वीस इंचांहून उंच असावी असा हट्ट तुम्ही का धरला होतात ते मला तेव्हा उमगले. औषधाने त्याची भूक मंदावली होती, म्हणून वेगळ्या टाकीत त्याला जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, तुम्ही स्वतःच्या टाकीतल्या पिल्लांसाठी उबवलेल्यातून रोज वाढवून आणून दिलात. त्या येरझाऱ्यांचे ऋण कसे फेडावे मला ठाऊक नाही.

एक करता येईल. डिसेंबरात तुम्ही रत्नागिरीला निघालात की दरवर्षी तुमच्या टाकीची चिंता तुम्हाला असते आणि त्यापायी तुम्ही मुक्काम आखडता घेता. यंदा किल्ली माझ्याकडे द्या. सकाळचे आणि दुपारचे खाणे मी घालीन, संध्याकाळचे माझा मुलगा घालील, शिंपला त्याच वेळी रिकामा होईल आणि तापमानाचा आकडा रोज तुम्हाला कळवला जाईल. परतीचे तिकीट निवांत काढा.

आपली नम्र,
मागच्या गल्लीतली शेजारीण