जुनी सायकल द्या, आणि वाटेवरच्या पोराला मेसेज करू नका

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात सकाळी साडेसहाच्या क्लासला निघालेला आपल्याच गल्लीतला अकरावीचा मुलगा फाट्यावर उभ्या उसाच्या ट्रॉलीवर स्कुटीसकट आदळला. गुडघ्यात रॉड आहे, जबडा तारांनी बांधलाय. मोबाईलची काच तडकली होती, पण स्क्रीन चालू होती. आईचा मेसेज, ‘पोचलास का?’ आणि खाली त्याने टाइप केलेलं ‘पोच’. तेवढंच. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता हेही खरं. त्याबद्दल कारखान्याला वेगळं पत्र दिलंय. हे सगळं लिहा, असं त्याच्या आईनेच आम्हाला सांगितलं.

पोरं बेफिकीर आहेत असं म्हणून आपण मोकळे होतो. पण वाटेत त्यांना मेसेज करणारे कोण? बऱ्याचदा आपणच. उत्तर आलं नाही की लगेच फोन.

स्कुटीचा मागचा ब्रेक डाव्या मुठीत असतो. डाव्या हातात मोबाईल आला की तो ब्रेक गेलाच. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद खाली बघितलं तर ३३ मीटर, म्हणजे अडीच कबड्डीची मैदानं, डोळे मिटून.

कायद्याचंही सांगतो, कारण ‘इथं कोण धरतंय’ हे वाक्य मंडळाच्या बैठकीतसुद्धा ऐकलं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या दारातल्या स्कुट्या ११० नाहीतर १२५ सीसीच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पण नुसतं ‘गाडी देऊ नका’ म्हणून भागत नाही. क्लास साडेसहाला, पहिली एसटी पावणेआठला. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पास घेऊन करायचं काय? सकाळी सहाची फेरी मिळावी म्हणून आगार व्यवस्थापकांना अर्ज देतोय. त्यावर पालकांच्या सह्या हव्यात.

दुसरं, सायकली. प्रत्येक वाड्यात, जिन्याखाली एक तरी गंजत पडलेली आहे. ती आम्हाला द्या. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन बदलायला एका सायकलमागे साधारण हजार-बाराशे खर्च येईल. तेवढी किंवा जमेल तेवढी देणगी द्या. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी मजुरी घेणार नाही म्हणून सांगितलंय. दुरुस्त सायकली आठवी ते बारावीच्या मुलांना वापरायला मिळतील.

तिसरं, क्लास सुटायच्या वेळी दारात उभं राहायला माणसं हवीत. काम सोपं आहे: किल्ली लावण्याआधी मोबाईल डिकीत गेला की नाही, एवढंच बघायचं. हेल्मेटचं विचारलंत तर उत्तम. आमची कार्टी आमचंच ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

देणगीची पावती मंडळाच्या कार्यालयातच घ्या. जमा-खर्च दर रविवारी बाहेरच्या फळ्यावर लिहू. सायकल आणून देणं जमत नसेल तर निरोप द्या, पोरं संध्याकाळी सातनंतर टेम्पो घेऊन येतील. टेम्पो अर्थातच लायसन्सवाला चालवेल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते