आसामचं म्हणणं मुंबईनं तरी ऐकावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च आणि नोव्हेंबरमधे अमेरिकेत घड्याळं पुढेमागे झाली की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच की भारतात पण हे सुरू करा, वीज वाचेल. ज्यांची मुलं न्यू जर्सीला नाहीतर तिकडे कुठे आहेत त्यांना हा प्रकार पाठ झालाय, मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, म्हणून न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे आणि थंडीत साडेदहा. पण त्यांचं दुखणं वेगळं आहे हो. लंडनला जूनमधे दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमधे धड आठ तासांचा पण नाही, म्हणून उन्हाळ्यात लोक झोपलेले असताना जो उजेड वाया जातो तो संध्याकाळकडे सरकवायचा, एवढाच त्यातला हिशोब. मुंबईत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकराचा. सरकवायला तेवढा उजेड आहेच कुठे? आणि युरोपच्या संसदेनं तर २०१९ मधेच ही पद्धत बंद करायला मत दिलं, पुढे देशांचं एकमत झालं नाही म्हणून ती अजून चालू आहे.

आपला प्रश्न ऋतूंचा नाही, पूर्व-पश्चिमेचा आहे. गुजरातच्या टोकापासून अरुणाचलपर्यंत देश सुमारे २९ रेखांश पसरलाय, एका रेखांशाला ४ मिनिटं धरली तर जवळजवळ दोन तासांचा फरक, आणि घड्याळ मात्र सगळ्यांना एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवरचं. आसामातल्या दिब्रुगडला जूनमधे पहाटे सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो, डिसेंबरमधे दुपारी सव्वाचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे दहाला ऑफिस उघडेपर्यंत निम्मा दिवस संपत आलेला आणि शेवटचे तास दिवे लावून काम. आसामच्या चहामळ्यांनी यावर इंग्रजांच्या काळापासूनच उपाय काढलाय, त्यांचा 'चायबागान टाईम' सरकारी वेळेच्या एक तास पुढे चालतो. २०१४ मधे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी तीच वेळ अख्ख्या राज्याला लावायची म्हणून जाहीर मागणी केली होती, ती तशीच राहिली.

आता यात महाराष्ट्राचा काय संबंध असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. १ जानेवारी १९०६ ला इंडियन स्टँडर्ड टाईम लागू झाला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मुंबईनं केला. इथला सूर्य त्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे, म्हणजे गिरणीचा भोंगा नव्या वेळेनं वाजला की कामगाराला तेवढं आधी, अंधारात घराबाहेर पडायचं. जानेवारी १९०६ मधेच गिरणी कामगार यावरून खवळून उठले, म्युनिसिपालटीनं आपला मुंबई टाईम सोडला नाही, रेल्वेची वेळ एक आणि शहरातली एक असं वर्षानुवर्षं चाललं. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ ला सोडली, मुंबईची १९५५ पर्यंत टिकली! ३९ मिनिटांसाठी आपले आजोबा-पणजोबा जवळजवळ ५० वर्षं अडून बसले आणि आज दिब्रुगडची माणसं आपला सूर्य घड्याळाच्या ५० मिनिटं पुढे आहे असं बोलली की आपण लगेच देशाच्या एकतेचा मुद्दा काढतो, हे मला अजिबात पटत नाही.

२०१८ मधे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं, म्हणजे देशाची अधिकृत वेळ जी संस्था अणुघड्याळांवर सांभाळते तिनंच, देशात दोन प्रमाणवेळा ठेवता येतील असं लिहिलं. एक आत्ताचीच, ग्रिनिचच्या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढची, आणि ईशान्येला, तसंच अंदमान-निकोबारला साडेसहा तास पुढची. रेल्वेचा गोंधळ होईल, अपघात होतील ही भीती सगळे घालतात, पण त्यांनी सीमा मुद्दाम बंगाल-आसामच्या चिंचोळ्या पट्ट्यात धरलीय, तिथून जाणारे रेल्वेमार्ग मोजकेच, त्यामुळे घड्याळ बदलायची स्टेशनं पण दोनच, न्यू जलपायगुडी आणि अलीपूरद्वार. याच्यावर निदान चर्चा तरी व्हावी ना.

दुसरा एक उपाय सुचवतात तो म्हणजे अख्ख्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे करा. याला मात्र माझा ठाम विरोध आहे. मुंबई-कोकणात जानेवारीत सूर्योदय सव्वासातला, तो पावणेआठला जाईल आणि सकाळच्या शाळेची पोरं पार अंधारात बसस्टॉपवर उभी राहतील. चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका असं राज्य सरकारला २०२४ मधे सांगावं लागलं ते मुलांची झोप होत नाही म्हणूनच, मग एकीकडे हे सांगायचं आणि दुसरीकडे घड्याळच पुढे ढकलायचं? नागपूरला कमी त्रास होईल, तिथे सूर्य मुंबईच्या २५ मिनिटं आधी असतो, पण पालघर-रत्नागिरीचं काय?

तुम्ही हवामानाच्या रकान्यात मुंबई, पुणे, नागपूरच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापता. त्यांच्या शेजारी एक ओळ दिब्रुगडची पण छापा, वर्षभर रोज.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे