आधी वाढदिवसांची यादी कर

ह्यूस्टन

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

आईबापांशिवाय अमेरिकेत आलेल्या मुलांच्या शेल्टरमध्ये तुला केस मॅनेजरांच्या टीमची लीड केल्याचं कळल्यापासून बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. मंडळातल्या निम्म्या लोकांना सांगून झालंय. मलाही अभिमान वाटतो, पण मला तुझ्याशी जे बोलायचंय ते तुझ्या दोन मीटिंगांच्या मधल्या फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले. नियम मी सांगत नाही, ते तू माझ्यापेक्षा ताजे वाचलेले आहेस. नियमपुस्तकात जे सापडत नाही तेवढंच लिहिते.

पहिल्याच दिवशी एक यादी कर. शेल्टरमधल्या सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीची, अठरावा वाढदिवस ज्या क्रमानं येतो त्या क्रमानं. ती संगणकात असेलच, पण तुझ्या टेबलासमोर कागदावर असू दे. अठरा पूर्ण झाली की ओआरआरचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाचा, ताबा संपतो आणि त्याच दिवशी आइसची, म्हणजे इमिग्रेशन कायद्याखाली धरपकड करणाऱ्या खात्याची, माणसं मुलाला न्यायला येऊ शकतात. आदल्या रात्री जो आपल्याकडे शाळेचा गृहपाठ करत होता, तो दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसांच्या डिटेन्शन सेंटरमध्ये. कमीत कमी जाचक ठिकाणी ठेवता येईल का याचा विचार झालाच पाहिजे, असं कायदा सांगतो. 2018मध्ये याच मुद्द्यावर मुलांच्या वतीनं दावा लागला आणि आइस तो विचार करतच नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या न्यायालयानं 2020मध्ये दिला. पण विचार करायचा तर समोर काहीतरी असावं लागतं: राहायचा पत्ता, घ्यायला तयार असलेलं माणूस, औषधोपचार चालू असतील तर त्यांचे कागद. हे सगळं तुझी टीम गोळा करणार, आणि वाढदिवस आठवड्यावर आल्यावर धावपळ करून ते जमत नाही.

टेक्सासमध्ये आणखी एक पेच आहे, तो नव्या केस मॅनेजरांना हमखास ठाऊक नसतो. आईबापांपैकी कोणी मारहाण केली, टाकून दिलं किंवा हेळसांड केली अशा मुलांना 1990च्या कायद्यानं या देशात राहण्यासाठी वेगळा दर्जा मिळू शकतो. केंद्राच्या नियमानं त्यासाठी एकवीस पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो. मात्र त्याआधी राज्याच्या न्यायालयाचा आदेश लागतो आणि टेक्सासमधली न्यायालयं अठरापुढच्याला मूल धरत नाहीत. म्हणजे कागदावर तीन वर्षं हातात असतात, प्रत्यक्षात दार अठराव्या वाढदिवसालाच लागतं. वकिलाकडे मूल पोचायला महिना उशीर झाला तर तो महिना कोणीच परत आणून देत नाही.

ग्वातेमालाच्या वेवेतेनांगो भागातला एक मुलगा, मी शेल्टरमध्ये काम करत असताना, आमच्याकडे होता. नाव लिहीत नाही, तुलाही तसं लिहिता येणार नाही. त्याची भाषा माम. स्पॅनिशमध्ये विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो मान डोलवून 'सी', म्हणजे 'हो', म्हणायचा आणि फॉर्म भरत जायचा. शाळेत जात होतास? सी. कोणी मारलं का? सी. पैसे देणं आहे का कोणाचं? सी. माम दुभाषा फोनवर आला तेव्हा हाच मुलगा पाऊण तास अखंड बोलला आणि आधीच्या फॉर्ममधलं निम्मं चुकीचं निघालं. स्पॉन्सर, म्हणजे मुलाला सांभाळायला घेणारं माणूस, होता त्याचा सख्खा मोठा भाऊ. सगळं जुळत होतं, फक्त भावाच्या ओळखपत्रात आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं. तेवढ्यावर फाइल थांबली. 'कॉन्सुलेटच्या उत्तराची प्रतीक्षा' असा शेरा पडला आणि तो शेरा खोटा नव्हता, त्यामुळे कोणाला टोचतही नव्हता. मुलाला अठरा पूर्ण व्हायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. त्याच्या केस मॅनेजरला मी रोज सकाळी पहिला फोन कॉन्सुलेटला करायला सांगितला, गावच्या नोंदणी कार्यालयातून दोघा भावांचे जन्मदाखले मागवले, आणि दुसरीकडे वकिलाला राज्याच्या न्यायालयात अर्ज टाकायला लावला. कशाचं आधी होईल हे बघत बसायला वेळच नव्हता. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात तो भावाकडे गेला. जाताना बूट नवे होते, ते चालताना वाजत होते म्हणून लाजत होता.

सई, तुझ्या टीममधला प्रत्येक जण फाइलच्या तारखा सांभाळेल. अहवाल कधी द्यायचा, बोटांचे ठसे कधी आले, होम स्टडी, म्हणजे स्पॉन्सरच्या घराची पाहणी, कधी झाली. मुलाचं वय सांभाळणारं कोणीतरी लागतं आणि ते काम लीडचं. सरकारी वेळ आणि मुलाचा वेळ यांचा मेळ या क्षेत्रात कधीच बसलेला नाही. जेनी फ्लोरेस एल साल्वादोरची, 1985मध्ये पंधरा वर्षांची असताना कॅलिफोर्नियात कोंडली गेली. तिच्या नावानं झालेल्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1993मध्ये आला आणि समझोता झाला 1997मध्ये. मुलांना विनाविलंब सोडावं, ठेवावं लागलंच तर परवानाधारक जागेत, दर आठवड्याला समाजकार्यकर्त्याशी स्वतंत्र बोलणं व्हावं, हे सगळं त्या समझोत्यात आलं. आपण आज ज्या हक्कांच्या आधारावर काम करतो ते तिच्यामुळे. समझोता झाला तेव्हा ती मुलगी सत्तावीस वर्षांची होती.

पण म्हणून घाई कर असं मी म्हणत नाही, हे नीट वाच. 2014मध्ये सीमेवर एकदम गर्दी झाली, शेल्टरं भरली आणि वरून एकच धोशा सुरू झाला: मुलं लवकर पाठवा. त्याच वर्षी ग्वातेमालाची काही मुलं ज्यांच्या हाती दिली गेली ती माणसं तस्करांची निघाली. ओहायोत मॅरियनजवळ मोडक्या ट्रेलरमध्ये राहून ती मुलं अंड्यांच्या फार्मवर दिवसाचे बारा बारा तास राबत होती आणि पगार कर्जापोटी काढून घेतला जात होता. सेनेटच्या उपसमितीनं 2016च्या जानेवारीत अहवाल दिला, तो टीममधल्या प्रत्येकाला वाचायला लाव. घरी कोणी जाऊन पाहिलं नव्हतं आणि एकाच टोळीकडे अनेक मुलं चालली आहेत हे कोणाच्या नजरेस आलं नव्हतं. मग 2023च्या फेब्रुवारीत कामगार खात्यानं कत्तलखान्यांची रात्रपाळीची सफाई करणारी 13 ते 17 वर्षांची 102 मुलं शोधली, आठ राज्यांत. स्पॉन्सर फोनवर गोड बोलतो यावर विसंबू नकोस. मुलाची झोपायची जागा कोणती, तो कुठल्या शाळेत जाणार, येण्याच्या खर्चाचं कर्ज कोणाचं आणि ते फेडणार कोण, ही उत्तरं मिळेपर्यंत सही करू नकोस. कर्जाचा प्रश्न तर मुलालाही वेगळा विचारायचा आणि स्पॉन्सरलाही.

आणि काटेकोरपणाच्या नावाखाली उलटंही होतं. 2018मध्ये स्पॉन्सरच्या घरातल्या सगळ्यांचे ठसे घेऊन ते आइसकडे द्यायचं ठरलं. काही महिन्यांत 170 लोकांना अटक झाली, तीही मुलं न्यायला पुढे आले म्हणून. काका-मामांनी फोन उचलणं बंद केलं. त्या डिसेंबरात देशभरच्या शेल्टरांत पंधरा हजारांच्या आसपास मुलं अडकून होती आणि टेक्सासच्या वाळवंटात टॉर्नियोला तंबू पडले होते. 2025पासून पुन्हा उत्पन्नाचे दाखले, ठरावीक ओळखपत्रं, डीएनए. 2024मध्ये महिनाभराच्या आसपास असलेला सरासरी मुक्काम कित्येक महिन्यांवर गेला. सख्खी आई शहरात आहे, मूल शेल्टरमध्ये आहे आणि मध्ये एक पगाराची पावती आहे, अशा केसेस तुझ्या टेबलावर येतील. त्या आईला तिच्या हक्कांची आणि धोक्यांची खरी माहिती कोण देणार, हे आधी ठरव. 'काळजी करू नका, काही होणार नाही' असं टीममधल्या कोणीही तिला म्हणता कामा नये. ते आपल्या हातात नाही. ठसे कुठे जातात, कोण पाहू शकतं, नकार दिला तर काय होतं, हे सरळ सांगायचं आणि वकिलाचा नंबर द्यायचा. वकील मिळेल याची खात्री नाही, हेही सांगायचं. इमिग्रेशन कोर्टात चार वर्षांच्या मुलालाही सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. 2025च्या मार्चमध्ये सुमारे 26,000 मुलांच्या वकिलांचा सरकारी निधी एका फटक्यात थांबवला होता, तो कोर्टात जाऊन परत सुरू करून घ्यावा लागला.

आता लिखाणाबद्दल. शेल्टरमध्ये ताट ढकललं, भांडण झालं, काही अभद्र बोललं की घटनेचा अहवाल जातो. तो मुलाच्या फाइलमध्ये कायमचा राहतो. त्यावरून मूल जास्त बंदोबस्ताच्या ठिकाणी हलतं, भावाकडे जायचं लांबतं. म्हणून प्रत्येक अहवाल पुढे जाण्याआधी तू वाच. 'मूल आक्रमक झालं' हे मला चालायचं नाही. काय झालं ते लिहा: आईचा फोन लागला नाही, त्यानंतर जेवताना त्यानं ताट ढकललं, डाळ सांडली, थोड्या वेळानं स्वतः कपडा आणून पुसली. वाचणाऱ्याला मूल दिसलं पाहिजे.

त्याहून जपायचं ते क्लिनिशियनशी, म्हणजे शेल्टरमधल्या समुपदेशकाशी, झालेलं बोलणं. होंडुरासच्या एका मुलानं थेरपिस्टला विश्वासानं सांगितलं की टोळीनं त्याच्याकडून काय काय करवून घेतलं. त्या नोंदी आइसकडे गेल्या आणि कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरल्या गेल्या. 2020मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा आमची क्लिनिशियन दिवसभर कोणाशी बोलली नाही. तेव्हापासून आम्ही मुलाला पहिल्या भेटीतच सांगायचो, त्याला समजेल अशा भाषेत, की मला सांगितलेलं कोण कोण वाचू शकतं. काही मुलं त्यानंतर कमी बोलतात. बोलू देत कमी. कितपत बोलायचं हे त्याला ठरवता येतंय, इतके दिवस त्याच्या हातात तेवढंही नव्हतं.

तुझ्या माणसांची काळजी तुला कोणी शिकवणार नाही, तीच सगळ्यात अवघड जाईल. मी मुंबईत निर्मला निकेतनला समाजकार्य शिकत असताना फिल्डवर्क व्हीटी स्टेशनवर होतं, पळून आलेल्या मुलांसोबत. आमच्या बाई दर शुक्रवारी एकेकीला वेगळं बसवायच्या. केस बाजूला, आधी 'जेवण जातंय का, झोप लागतेय का' हे विचारायच्या. तेव्हा मला ते बाळबोध वाटायचं. ह्यूस्टनला आल्यावर, एका मुलीचा वाटेवरचा अनुभव पहिल्यांदा ऐकून घरी गेले आणि चहा ठेवून गॅस लावायचीच विसरले, तेव्हा बाई का विचारायच्या ते कळलं. दर आठवड्याला प्रत्येकाला तुझा स्वतंत्र तास दे. त्या तासात फाइल उघडू नकोस. जो माणूस कधीच रजा मागत नाही आणि मुलांना स्वतःचा मोबाइल नंबर देतो, त्याच्याकडे आधी लक्ष दे. त्याला रागवायचं नाही, पण सीमा आखून द्यायचीच, कारण त्याच्या मागे जी मुलं येणार आहेत त्यांना तो पुढच्या वर्षीही लागणार आहे.

टीममधली अर्धी माणसं स्वतः स्थलांतरितांच्या घरातली असतील. स्वतःचीच गोष्ट रोज समोरच्या खुर्चीत बसलेली ऐकणं किती जड असतं याचा अंदाज ठेव. कोणाला एखादी केस नको असेल तर कारण न विचारता बदलून दे.

मूल स्पॉन्सरकडे गेल्यावर तीस दिवसांनी जो फोन करायचा असतो, तो उरकून टाकायचं काम म्हणून टीममधल्या नव्या माणसांच्या गळ्यात घालू नकोस. 2017च्या शेवटच्या तीन महिन्यांत ज्यांच्यासाठी फोन केले त्या साडेसात हजारांहून अधिक मुलांपैकी 1,475 जणांचा ठावठिकाणा आरोग्य खात्याला सांगता आला नाही, आणि पुढच्या वर्षी 'सरकारनं मुलं हरवली' असा गदारोळ झाला. न उचललेला फोन म्हणजे हरवलेलं मूल नव्हे, आणि सुखरूप मूलही नव्हे. पुन्हा करायचा, संध्याकाळी करायचा, कामावरून माणसं घरी येतात तेव्हा. शक्यतो त्याच केस मॅनेजरनं करायचा जिचा आवाज मुलाला ओळखीचा आहे. शाळेत नाव घातलं का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

यादी झाली की यादीतली पहिली पाच मुलं कोणत्या टप्प्यावर आहेत ते पाहून ठेव. नावं सांगू नकोस, नुसते अडसर सांग, रविवारी सकाळी बोलू. न्यायालयाच्या अर्जांसाठी आम्ही करायचो तो तारखांचा तक्ता माझ्याकडे आहे, कोरा आहे, तो मेल करते. आणि टीममध्ये त्या नवीन लागलेल्या मुलीला तिनं मागितलेली रजा दे. तिच्या केसेस आठवडाभर तू घे, म्हणजे फाइलींची ओळखही होईल.

तुझी,
आई