आरएनएचे वजन आणि बंद पेटीतले सॉफ्टवेअर

महोदय,

जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या मायक्रोआरएनएच्या शोधाला 2024 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाल्यापासून या चिमुकल्या रेणूंविषयी मराठीत बरेच लिहून आले. परंतु त्यांच्यावरील रासायनिक बदल मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू तोलणाऱ्या यंत्राने टिपल्यावर त्या आकड्यांचा अर्थ कसा लावतात, याविषयी माझ्या तरी वाचनात काही आले नाही. हा अर्थ सॉफ्टवेअर लावते, आणि आपल्या विद्यापीठांनी ते खुलेच, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही तपासता येतो असेच, वापरावे, एवढ्यासाठी हे पत्र.

नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये (म्हणजे अक्षरांचा क्रम वाचताना) आरएनएची आधी डीएनए-प्रत काढतात आणि त्या नकलेत मूळ रेणूवरचे बरेच बदल पुसले जातात. मास स्पेक्ट्रोमीटर मूळ रेणूच तोलतो, म्हणून वनस्पतींच्या मायक्रोआरएनएच्या टोकाला असलेला मिथाइल गट 14 डाल्टनच्या (डाल्टन हे अणुरेणूंच्या वजनाचे एकक) वाढीव वजनाने उघडा पडतो. खरी मेख पुढे आहे. सायटिडीन (‘सी’) आणि युरिडीन (‘यू’) या आरएनएच्या दोन अक्षरांच्या वजनांत जेमतेम 0.984 डाल्टनचा फरक असतो, तर रेणूत कार्बन-12 ऐवजी कार्बनचाच किंचित जड प्रकार असलेला एक कार्बन-13 अणू आला की वजन 1.003 डाल्टनने वाढते. त्यामुळे 22 न्यूक्लिओटाइडांच्या (म्हणजे अक्षरांच्या), सुमारे 7,000 डाल्टनच्या रेणूत सॉफ्टवेअरने यंत्राच्या आलेखातले शेजारचे, कार्बन-13 असलेल्या रेणूचे शिखर मूळ समजून धरले, तर ‘सी’चा ‘यू’ होतो आणि हिशेबातली तफावत दहा लाखांत तीन भागही भरत नाही! (स्यूडोयुरिडीन या युरिडीनच्याच बदललेल्या रूपाचे वजन तर युरिडीनइतकेच असते, तिथे नुसत्या वजनाने काहीच कळत नाही.)

ओपनएमएस या खुल्या संचातील, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘न्यूक्लिक ॲसिड सर्च इंजिन’ शिखर चुकण्याची ही शक्यता विचारात घेते, रेणूला चिकटलेल्या सोडियम-पोटॅशियमचे वजन हिशेबात धरते आणि खऱ्या क्रमांबरोबर मुद्दाम रचलेले खोटे क्रमही शोधून, त्यांतले किती ‘सापडले’ यावरून स्वतःच्या चुकांचे प्रमाण सांगते. 2022 मधील ‘पिथियस’ हेही याच कामासाठीचे खुले सॉफ्टवेअर आहे.

मी शिकवत होतो तेव्हा सॉफ्टवेअर आपल्या निष्कर्षाच्या खात्रीसाठी जे गुण देते त्यांविषयी एका विद्यार्थिनीला परीक्षकांनी विचारले, “या बदलाला 87 गुण कसे मिळाले?” तिच्यापाशी आणि माझ्यापाशीही उत्तर एकच होते, की सॉफ्टवेअरने दिले. ते यंत्रासोबत आलेले, बंद सॉफ्टवेअर होते. पुढे परवाना संपला, नूतनीकरणाची फाइल अडकली आणि तिच्या मूळ फायली आम्हालाच उघडता येईनात.

ज्या पुण्यात देशातली पहिली एमआरएनए लस तयार झाली, तिथे हे कौशल्य निव्वळ पुस्तकी नाही. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांत निदान एक खुले सॉफ्टवेअर ठेवावे, आणि प्रबंधासोबत मूळ माहिती एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात, शोधासाठी वापरलेल्या सेटिंगसह जमा करण्याची अट विद्यापीठांनी घालावी.

— रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे