मच्छेहून आणलेलं पाकीट

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय.

बाबा, जूनमध्ये तुम्ही भर पावसात बेळगावहून स्कूटरवरून मच्छेला गेलात आणि विद्यापीठातून माझी ट्रान्सक्रिप्टं, म्हणजे सगळ्या गुणांचे दाखले, आणलीत. ऑफिसात लागतात, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून तुम्ही पाकीट पाठवलंत, वर तुमच्या अक्षरात ‘भिजवू नये’. त्या पिशव्या मला अजून टाकवत नाहीत.

मी परदेशी एमबीएसाठी अर्ज केलाय. फ्रान्समध्ये, इनसीड म्हणून शाळा आहे तिथे. सप्टेंबरात अर्ज गेला, परवा मुलाखतीचं बोलावणं आलं. आधी सांगितलं असतं आणि आईचा आवाज जड झाला असता, तर मी अर्ज भरलाच नसता.

इतकी घाई कशाला, असं बाबा विचारणारच. या शाळांचे प्रवेश फेऱ्यांनी होतात. पुढच्या ऑगस्टच्या वर्गासाठी आत्ताच अर्ज करावा लागतो. शेवटच्या फेरीतही घेतात, पण तोवर बऱ्याच जागा भरतात, शिष्यवृत्तीचे पैसेही वाटून होतात, आणि आपल्याकडच्या मुलांना कर्ज नि व्हिसा यांना वेळ लागतो तो वेगळाच. शिवाय माझ्यासारखे इंजिनिअर होऊन आयटीत लागलेले कितीतरी जण अर्ज करतात. जीमॅट मी मार्चमध्येच दिली. सव्वादोन तासांची परीक्षा, ८०५ पैकी ६८५ मिळाले. आई, त्याच दिवशी मी तुझा फोन उचलला नव्हता आणि तू रात्री दहापर्यंत जेवली नव्हतीस.

आणखी दोन वर्षं नोकरी करून गेले असते तरी चाललं असतं. तिथल्या वर्गाचं सरासरी वय २९ च्या आसपास, मी २६ ची. पण दोन वर्षांनी बाबा सत्तरीचे होतील. आत्ता बाबा स्कूटर चालवतात, आई जिना धरून का होईना गच्चीवर जाते. तुम्ही हिंडताफिरताय तोवर जाऊन येते, नंतर मला तुमच्याजवळ राहायचंय. म्हणूनच अमेरिकेतले दोन-दोन वर्षांचे कोर्स सोडले. हा दहा महिन्यांचा. ऑगस्टात गेले की जुलैत संपतो.

शाळेचं गाव फॉन्तेनब्लो, पॅरिसपासून साठेक किलोमीटरवरचं, जंगलाला लागून असलेलं. खानापूरच्या पुढे गेल्यावर कसं वाटतं, तसं समजा. दोघीतिघी मिळून घर घेऊ, स्वयंपाक घरीच करू. छोटा कुकर, आपला बासमती, शेंगांची चटणी सगळं नेणार. तुझा तपकिरी स्वेटरही. रात्री नऊला तुम्ही जेवून बसाल तेव्हा माझे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेचार. रोज त्याच वेळी फोन.

फी एक लाख युरोच्या आसपास, म्हणजे कोटीच्या घरात. आकडा मोठा आहे, मलाही दोन रात्री झोप नव्हती. कर्ज माझ्या नावावर निघेल. अशा शाळांसाठी तारण न मागणाऱ्या कर्जसंस्था आहेत. अनगोळचं घर, आजोबांची रताळ्याची पट्टी, बाबांची पेन्शन, कशालाच हात लागणार नाही. आई, पाटल्या कपाटातून काढायच्या नाहीत.

निबंधात मी काय लिहिलं सांगू? गल्लीतल्या आज्ज्या कानडीत आलेल्या नोटिसा घेऊन यायच्या ते. बाबा मला कट्ट्यावर मांडीवर घेऊन वाचायला लावायचे, आणि मराठीत सांगताना एक शब्द गाळला की पुन्हा पहिल्यापासून. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. इंग्रजीत लिहिताना मधेच थांबले आणि नुसतीच ‘बाबा’ म्हणत बसले.

आता नीट ऐका. आई, दर महिन्याला शुगर तपासायची, दिवाळीत कुंदा एक चमचा, बास. गुडघ्याचे व्यायाम टीव्हीसमोर नको, खुर्चीला धरून. बाबा, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला तुम्ही जाणारच, जा, पण यंदा सायकल नको. दोन चौक चाला आणि रिक्षाने घरी या. रेल्वे फाटकापाशी गाडी यायच्या वेळी स्कूटर दामटायची नाही. गडहिंग्लजच्या स्थळाकडच्या मंडळींना मी स्वतः फोन करते, तुम्ही अवघडून जाऊ नका. माणसं चांगली आहेत, त्यांना ताटकळत ठेवायला नको.

मुलाखतीला तिथून शिकून आलेले दोघे असतात, इथेच भेटतील. निकाल कळला की पहिला फोन घरी. झालं नाही तरी पहिला फोन घरीच.

प्रवेश मिळाला तर ट्रान्सक्रिप्टांची सीलबंद प्रत लागेल. बाबा, तुम्ही दोन पाकिटं आणली होतीत, दुसरं तुमच्या कपाटात खालच्या खणात असेल. फोडू नका. दिवाळीला येते तेव्हा तुमच्याच हातून घेईन.

तुमची
बाळी